कॉलेजचा रकाना

काकांचा फोन सकाळी सातला यायचा. शनिवार असो, बाहेर बर्फ पडत असो, सात म्हणजे सात. एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात ज्या ज्या मराठी घरात हायस्कूल संपवणारं मूल असेल, त्या घरातला फोन वाजायचा आणि आईने किंवा बापाने उचलला तर पलीकडून एवढंच ऐकू यायचं, "गुड मॉर्निंग. मुलाला दे." झोपलाय म्हटलं तर "मी थांबतो" म्हणायचे आणि खरंच थांबायचे. पलीकडून चहा फुरकल्याचा आवाज येत राहायचा. सतरा वर्षांच्या पोराला शनिवारी सकाळी सातला उठवणं काय असतं, ते अशी पोरं ज्यांच्या घरात आहेत त्यांनाच कळेल.

पोरगं डोळे चोळत फोनवर आलं की काका दोन प्रश्न विचारायचे. पहिला, "कुठे जाणार?" आणि दुसरा, "तिथे तुला शिकवणार कोण?"

पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असायचं. दुसऱ्यावर मुलं गडबडायची. कॉलेजचं नाव, रँकिंग, बास्केटबॉलच्या टीमचं नाव सगळं पाठ, पण शिकवणाऱ्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नाही. मग काका म्हणायचे, "शोध आणि मला कळव," आणि फोन ठेवायचे. मुलं कुरकुरत शोधायची. का शोधायची हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमचं एक अक्षर न ऐकणारी ही पोरं काकांना मात्र उलट फोन करून सांगायची, की काका, केमिस्ट्रीला अमुक बाई आहेत.

ते कुणाचेच सख्खे काका नव्हते. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावांबद्दल त्यांची मतं पुढे येतीलच. उंच, किंचित पोक काढून चालणारे, बारा महिने एकच तपकिरी कोट, आणि कोटाच्या खिशात पेन, रुमाल आणि व्हाइटनरची बाटली. हो, व्हाइटनर. ज्या गावात लोक किराण्याची यादीही फोनवर बोलून लिहितात, तिथे हा माणूस बाटलीला ब्रश असलेलं व्हाइटनर कुठून मिळवायचा देव जाणे. चुकलेलं खोडायचं नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणायचे, "खोडलेलं दिसतं. आणि दिसलं की माणूस तेच वाचत बसतो." मग पांढरा पट्टा मारायचे, फुंकर घालायचे, आणि वाळेपर्यंत दुसरं काही न करता त्याच्याकडे बघत बसायचे.

आमच्या मंडळाच्या पाडव्याला हायस्कूल संपवणाऱ्या मुलांचा सत्कार होतो. आमचा पाडवा म्हणजे शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने मिळेल तो शनिवार. कधी तो एप्रिलच्या अखेरीला येतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलं साड्या-कुर्ते घालून स्टेजवर येतात, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं आणि कॉलेजचं नाव वाचलं जातं, हातात एक गुलाब आणि एक पेन. टाळ्या पडतात त्या कॉलेजच्या नावाला. अमेरिकेतल्या त्या आठ जुन्या, नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांना आमच्यात नुसतं 'आठातली' म्हणतात, म्हणजे 'त्यांचा मोठा आठातल्या एकीत आहे' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. आठातलीचं नाव आलं की टाळ्यांत शिट्ट्या मिसळतात. नाव कुणी ऐकलेलं नसलं की टाळ्या वाजतात खऱ्या, पण लवकर संपतात, आणि मागून कुणीतरी "कुठे आहे हे?" असं विचारतं.

ही नावं पंधराएक वर्षं काका वाचत होते. आणि मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ते काहीही वाचत नसत, म्हणून ते सकाळचे फोन. फॉर्म कागदावर, पेनने भरलेलाच चालायचा. एकदा कमिटीतल्या कुणीतरी सुचवलं, की मोठी नावं शेवटी घेतली तर कार्यक्रम रंगेल. काका म्हणाले, "मी हजेरी घेतो. हजेरी अक्षरांप्रमाणे असते." आणि सगळी नावं एकाच सुरात वाचली. आठातली असो नाहीतर शेजारच्या गावातलं असो, त्यांचा आवाज इकडचा तिकडे व्हायचा नाही.

त्यांनी स्वतः एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं ते ओहायोतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात. आपल्या लोकांना 'आर्ट्स' शब्दामुळे वाटतं की तिथे चित्रं काढायला शिकवतात. तसं नाही. दीड-दोन हजार मुलांचं कॉलेज, फक्त बॅचलर्स, एका वर्गात बारा-पंधरा डोकी आणि शिकवायला प्रोफेसर स्वतः उभा. ते कॉलेजचं गाव म्हणजे एक सिग्नल, दोन चर्च, एक पिझ्झाचं दुकान आणि चहूकडे मका. रिटायर झाल्यावर मुलगी इकडे म्हणून ट्रॉयला आले तेव्हा एका पार्टीत कुणीतरी त्यांना विचारलं, "म्हणजे ते कुणालाही घेतात तसलं कम्युनिटी कॉलेज का?" काका म्हणाले, "नाही, त्याहून लहान." त्या गृहस्थांनी घाईघाईने विषय बदलून लॉनच्या गवताच्या बियांवर नेला. हा किस्सा काका स्वतःच रंगवून सांगायचे आणि सगळ्यांत जास्त हसायचे.

म्हणून लोकांचा समज होता की काका म्हणजे लहान कॉलेजांचे प्रचारक. मीही तसंच समजत होते. पण एका मुलाला अशाच छोट्या कॉलेजात जायचं होतं तर काका त्याला म्हणाले, "तू मोठ्या ठिकाणी जा. लहान जागेत लपता येत नाही. तुला अजून थोडं लपायची गरज आहे." तो मुलगा गेला मोठ्या ठिकाणी. त्याच्या आईला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही, तरी दर दिवाळीला ती काकांकडे अनारसे पोचवायची.

माझी मुलगी रेवा नऊ वर्षांची असल्यापासून रविवारी त्यांच्याकडे मराठी वाचायला जायची. पुस्तक नाही, वही नाही. इंडियन ग्रोसरीतून आणलेली पाकिटं ते टेबलावर मांडायचे. भाजणीच्या पाकिटावर मागे जे लिहिलेलं असतं, ते साहित्य आणि कृती, हा आमच्या मुलीचा पहिला धडा. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचायचं, आणि अर्धं पाकीट वाचून सोडायचं नाही. "शेवटपर्यंत," काका म्हणायचे. "वजन, किंमत, सगळं." सहा वर्षं ती जात होती. त्यांच्या गराजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे एक लाकडी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. रेवाने एकदा विचारलं, तर म्हणाले, "ती जुनी आहे. तिचं तोंड तिकडेच बरं."

आता माझ्याबद्दल. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचे मला पैसे मिळतात. घरी तेच मी फुकट करते. नागपूरहून इथे आले तेव्हा माझ्या कॉलेजचं नाव इथे कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिली दोन वर्षं प्रत्येक इंटरव्ह्यूत ते नाव मी स्पेलिंग करून सांगायचे, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी विझायचं ते मला दिसायचं. मग व्हिसाची रांग, दर नोकरीला नव्याने स्वतःला पटवून देणं. माझी एकच इच्छा होती. माझ्या मुलीला कधी कुणाला स्पेलिंग सांगावं लागू नये.

रेवाचं हायस्कूल संपणार होतं त्या वर्षी मार्चअखेर तिला आठातल्या एकीत ॲडमिशन मिळाली. मी किचनमध्ये उभ्या उभ्या रडले. नागपूरला आईने पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजचंही पत्र आलं. तिथे रेवा आदल्या शरदात जाऊन आली होती. तिथल्या जिऑलॉजीच्या बाईंनी तिच्याशी पाऊण तास दगड-मातीवर गप्पा मारल्या होत्या, आणि आता त्यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, की तू म्हणाली होतीस तो दगड मी शोधून ठेवलाय. रेवाने ते कार्ड आरशाला लावलं. आठातलीचं पत्र तिच्या टेबलावर पालथं पडलं होतं. मी ते रोज सुलटं करून ठेवायचे.

"ठरलं का ग?" मी दर दोन दिवसांनी विचारायचे.

"आई, आय हॅवन्ट डिसायडेड."

"अगं पण यात डिसाइड करण्यासारखं काय आहे?"

"एक्झॅक्टली धिस, आई. धिस इज व्हाय आय डोन्ट टॉक टू यू."

माझा नवरा शिरीष म्हणाला, "तिचं तिला ठरवू दे," आणि ऑफिसला निघून गेला. तो गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतो. घरात मात्र ब्रेक लावायचं काम माझ्याकडे.

एक मेच्या आत कॉलेजला कळवायचं होतं. पाडवा होता त्याच्या आधीच्या शनिवारी. फॉर्म आला तेव्हा मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्या आजूबाजूने फिरत राहिले. मुलाचं नाव, पालकांची नावं, फोन, कॉलेज. शेवटचा रकाना. तिसऱ्या दिवशी रेवा शाळेत असताना मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात आठातलीचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, ठसठशीत.

माझा हिशेब साधा होता आणि तो मी लपवणार नाही. एकदा स्टेजवरून चारशे माणसांसमोर ते नाव वाचलं गेलं, शिट्ट्या पडल्या, पन्नास काकवांनी तिच्या गालांवरून हात फिरवला, की रेवा मागे फिरणार नाही. ती भिडस्त आहे. माझ्यावर गेलीय. तिचा भिडस्तपणा मी तिच्याच विरुद्ध वापरायला निघाले होते.

अडचण एकच, काकांचा फोन. फॉर्मवर मी फक्त माझा नंबर घातला. शनिवारी साडेसहालाच उठून फोन हातात घेऊन बसले. सातला वाजला.

"गुड मॉर्निंग. मुलीला दे."

रेवा वर झोपली होती. तिच्या खोलीतला पंखा मला खालपर्यंत ऐकू येत होता.

"ती नाहीये काका. मैत्रिणीकडे राहिलीय. पण फॉर्मवर लिहिलंय तेच आहे, तेच वाचा."

पलीकडून चहा फुरकल्याचा आवाजही आला नाही.

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ते 'मी थांबतो' म्हणाले नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पुढचा पूर्ण आठवडा तसाच गेला. फोन वाजला की दचकायचे. ऑफिसात एका स्क्रीनवरचा ढळढळीत दोष मी पास करून टाकला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत बोलणी खाल्ली. रेवा मात्र त्याच आठवड्यात बदलली. एकदम मोकळी झाली, जेवताना बोलायला लागली. एका संध्याकाळी भांडी आवरताना तिने मागून येऊन मला मिठी मारली. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, आठातलीकडे मन वळलं असणार.

पाडव्याच्या दिवशी रेवाने माझी निळी नारायणपेठ नेसली होती. नावं अक्षरांप्रमाणे, म्हणजे 'र' चांगलाच मागे. अमेय झाला, ईशा झाली, निखिल झाला. प्रत्येक नावाबरोबर माझे हात गार पडत चालले होते. शिरीषने विचारलं, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, एसी फार आहे. एसी लागलेलाच नव्हता.

"रेवा," काकांनी वाचलं. मग माझं नाव, मग शिरीषचं. आईचं नाव ते नेहमी आधी घ्यायचे. मग त्यांनी कागद जरा लांब धरला आणि मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजचं नाव वाचलं. त्याच सुरात, सावकाश.

टाळ्या वाजल्या. लवकर संपल्या. मागच्या रांगेतून आलंच, "कुठे आहे हे?" शिरीष उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि रेवा स्टेजवर गुलाब हातात घेऊन, चारशे माणसांतून नेमकी मला शोधून, माझ्याकडे बघून हसली. मला तो टोमणा वाटला. जिंकले बघ, असं.

मध्यंतरात लोक बटाटेवड्याच्या रांगेत होते तेव्हा मी काकांना कोटांच्या स्टँडपाशी गाठलं.

"काका, माझ्या फॉर्मवर वेगळं लिहिलेलं होतं."

"होतं."

"मग?"

"मी मुलांनी सांगितलेलं वाचतो."

"तुमचं काय जातं हो वाचायला? उद्या हिला दारोदार स्वतःचं कॉलेज समजावून सांगावं लागेल तेव्हा तुम्ही येणार आहात का? तुम्ही आयुष्यभर त्या मक्यात बसलात, म्हणून सगळ्यांनीच बसायचं का?"

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. त्याची लाज मला आजही वाटते. काकांनी स्टँडवरून माझा कोट काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाहेर चल. इथे ऐकू येत नाही."

पार्किंग लॉटमध्ये गार वारा होता. काका एका मिनिव्हॅनच्या आडोशाला उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"नोकरी लागली तेव्हा मी कराडला बाबांना पत्र लिहिलं. आमच्या कॉलेजचं नाव कोण ओळखणार तिकडे? म्हणून त्याच राज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव घातलं. म्हटलं, पुढच्या पत्रात सांगू. बाबांनी तोवर दारावर पाटी लावली. माझं नाव, खाली प्राध्यापक, खाली ते युनिव्हर्सिटीचं नाव, खाली अमेरिका. रंगवून घेतलेली. मग कसं सांगणार?"

"मग कधी सांगितलंत?"

"बावीस वर्षांनी बाबा गेले. मी कराडला पोचलो तेव्हा पाटी होतीच. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, त्या युनिव्हर्सिटीतलेच ना तुम्ही? मी हो म्हणायचो. तेराव्यापर्यंत हो म्हणत होतो." काकांनी कोटाची कॉलर वर केली. "मी चांगलं शिकवायचो ग. मुलं अजून पत्रं लिहितात. त्यातलं बाबांना काहीच कळलं नाही. बाबांना अभिमान होता तो एका भलत्याच माणसाचा. मी तो नव्हतो."

काका म्हणाले, "तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. तो कुणी बघणार नाही," आणि आत निघून गेले. मंडळाचा कार्यक्रम संपायचा होता आणि मध्यंतरानंतर त्यांना उरलेली पाच नावं वाचायची होती.

असं ऐकल्यावर माझा राग लगेच निवायला हवा होता. तसं झालं नाही. मी घरी आले ती धुमसतच. एक मेला रेवाने मिनेसोटाला कळवलं आणि मी दार लावून झोपून राहिले. नागपूरला आईला सांगायला मला आठ दिवस लागले. आई म्हणाली, "अगं पण पेढे?" काकांकडे मी दिवाळीला चिवडा घेऊन गेले. आम्ही थंडीवर बोललो. माफी मागायचं डोक्यात होतं, पण त्यांनीच मला शेजाऱ्याच्या कुत्र्याची लांबलचक हकिगत सांगितली आणि मी बसून ऐकली.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. रेवा इथून दीड तासावरच्या लॅन्सिंगला असते, शेतांची आणि जुन्या कारखान्यांच्या जागांची माती तपासते. स्पेलिंग तिला अजून सांगावं लागतं. ती ते सांगते आणि पुढे बोलते. प्रत्येक वेळी मान खाली घालते ती मीच. हे बरं झालं का ते बरं झालं असतं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आवराआवर करायला त्यांच्या मुलीने आम्हाला बोलावलं. ती अमेरिकेतच जन्मलेली, मराठी समजतं पण वाचता येत नाही. गराजमधून तिने ती पाटी बाहेर काढली आणि रेवाला विचारलं, "कॅन यू रीड धिस?"

रेवाने पाटीवर बोट ठेवलं. अक्षराला अक्षर लावत काकांचं नाव वाचलं, प्राध्यापक वाचलं. पुढच्या ओळीवर अडली, पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि शेवटच्या 'अमेरिका'पर्यंत गेली. मग म्हणाली, "आई, पण हे राँग आहे. काका इथे नव्हतेच."

"जुनी गोष्ट आहे," मी म्हटलं. त्यांची मुलगी पाटीकडे बघत राहिली. तिला किती माहीत होतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

आतल्या खोलीत बुटांच्या खोक्यात सत्काराचे फॉर्म होते. वर्षांप्रमाणे गठ्ठे, गठ्ठ्यात अक्षरांप्रमाणे. त्या दोघी बाहेर असताना मी ते वर्ष शोधलं, 'र' शोधला. माझंच अक्षर. कॉलेजच्या रकान्यावर व्हाइटनरचा जाड पट्टा होता आणि त्यावर काकांच्या बारीक अक्षरात मिनेसोटाचं नाव. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मागून माझं ठसठशीत आठातलीचं नाव उलटं दिसत होतं. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.

परतताना रेवा गाडी चालवत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा ती एकदम म्हणाली, "यू नो आई, त्या वर्षी काकांनी सगळ्यांना कॉल केला, फक्त मला नाही. माझ्या सगळ्या फ्रेंड्सना आला. मला इतकं वाईट वाटलं, मीच त्यांना केला."

"कधी?"

"पाडव्याच्या आधीच्या रविवारी. त्यांनी विचारलं, कुठे जाणार? मी म्हटलं, आधी सांगा, आईने फॉर्मवर काय लिहिलंय? कारण ऑनेस्टली, आई, तू जे लिहिलं असशील ते मी म्हणणार होते. आय वॉज सो टायर्ड. काका म्हणाले, एक मिनिट थांब."

"मग?"

"मग थांबले. बराच वेळ. आय थॉट, फोन कट झाला. मग आले आणि म्हणाले, रिकामा आहे. हा रकाना तुझा आहे, तू सांग." सिग्नल सुटला. तिने गाडी पुढे घेतली. "मी रडले होते, माहितीये? मला वाटत होतं तू मला फोर्स करशील. आणि तू ब्लँक ठेवलंस. कॉलेजमध्ये मला कधी भीती वाटली ना, की आय मेड अ मिस्टेक, तर मी तेच आठवायचे. की आईने ब्लँक ठेवलं होतं."

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली आणि "हं" म्हणाले.

त्या एका मिनिटात काकांनी काय केलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. खिशातली बाटली काढली असेल, पट्टा मारला असेल, फुंकर घातली असेल, आणि वाळेपर्यंत बघत बसले असतील. रकाना रिकामा झाल्यावरच रिकामा आहे म्हणाले असतील. खोटं त्यांना बोलायचं नव्हतं. ते एकदा बोलून झालं होतं.

तेव्हापासून मला झोप नाही. रेवाला अभिमान आहे तो एका भलत्याच आईचा. मी ती नाही. मी गप्प राहिले तर तिला कधी कळणार नाही, आणि सांगितलं तर तिने जे धरून ती चार वर्षं काढली ते मी तिच्या हातातून काढून घेईन. इंग्रजीत तिला मेसेज लिहायला बसले, चार वेळा पुसला. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही.

म्हणून हे मराठीत लिहिलं. येत्या रविवारी ती जेवायला येणार आहे. याचा प्रिंट काढून, वर तो फॉर्म लावून, मी टेबलावर ठेवणार आहे. तिला वेळ लागेल. ती बोट ठेवून वाचते, मध्ये अडते, पुन्हा मागे जाते. पण अर्धं सोडत नाही. काकांनी तिला शेवटपर्यंत वाचायला शिकवलंय.